झेंडूच्या सीझनमधलं पिस्तूल

"सर, हे आज लय उड्या मारतंय."

रंजनाने पिस्तूल टेबलावर ठेवलं. मी दुर्बिणीतून टार्गेट पाहिलं. पहिली गोळी बरोबर दहाच्या वर्तुळात, मधल्या तीन इकडेतिकडे आणि पाचवी पार कडेला. राज्य संघाची निवड चाचणी रविवारी होती. क्लबकडे स्पर्धेचं चांगलं पिस्तूल एकच. यंदा निवड झाली नाही तर ते दुसऱ्या नेमबाजाला द्यायचं, असं कमिटीने ठरवलं होतं. म्हणजे रंजनाची नेमबाजी संपलीच.

मी नाशिकच्या त्या क्लबमध्ये आर्मरर होतो. शस्त्रं नीट ठेवायची आणि नेमबाजाच्या हाताला बसवून द्यायची, हे माझं काम. रंजना पंचवटीपलीकडच्या एका मळ्यातली सून. दिवसभर मळ्यात राबून संध्याकाळी सरावाला यायची. चाचणी सकाळची, म्हणून त्या आठवड्यात आम्ही सरावही सकाळी घेतला आणि गोळ्या भरकटायला लागल्या.

आमच्या रॅपिड फायरमध्ये दहा सेकंदांत पाच गोळ्या मारायच्या. गोळी सुटली की पिस्तूल मागे धक्का देतं, त्याला रिकॉइल म्हणतात. नळी मुठीच्या वर असते, त्यामुळे धक्क्याने तिचं तोंड उचललं जातं. पॉइंट टू-टू बोरच्या पिस्तुलाचा धक्का तसा किरकोळच. पण पुढच्या गोळीआधी नेम परत जागेवर यायला हवा आणि तिथेच सगळी मारामार.

"पुढे वजन लाव," क्लबचे सेक्रेटरी म्हणाले. निवृत्त मेजर. त्यांचा सल्लासुद्धा हुकुमासारखा यायचा.

"सर, मागच्या आठवड्यात हेच पिस्तूल मस्त चाललं होतं."

"मागच्या आठवड्यात मॅच नव्हती. लाव."

नळीखाली वजनाची पट्टी लावली. उडी कमी झाली खरी, पण तोंड जड झालं. वर आलेला नेम खाली यायचा तो खालीच जायचा. रंजनाचा चेहरा एवढासा झाला. मलाही वाईट वाटत होतं, पण दाखवून उपयोग नव्हता.

दुसऱ्या दिवशी नेम धरण्याआधी तिने उजव्या हातातली अंगठी काढून सोबत आलेल्या सासूबाईंकडे दिली. अंगठी सहज निघाली. संध्याकाळच्या सरावात हेच काम साबण लावून, नळाखाली उभं राहून चालायचं आणि आम्ही तिची चेष्टा करायचो.

"आज साबण नाही लागला?"

"सकाळी नाय लागत, सर. दिवसभर झेंडू तोडला की हात सुजतो."

मी कपाळावर हात मारून घेतला. ग्रिप, म्हणजे पिस्तुलाची लाकडी मूठ, हाताला खडू फासून बसवतात. खडू लाकडाला जिथे लागेल तिथे कानस मारायची, सगळीकडे सारखा लागेपर्यंत. रंजनाची ग्रिप संध्याकाळी, सुजलेल्या हाताला बसवली होती. आता पुन्हा खडू फासून पाहिलं. तळहाताखालचं लाकूड कोरडं, खडूचा ठिपकाही नाही! दर गोळीला पिस्तूल मुठीत थोडं फिरत होतं.

लाकडाचा भुसा एपॉक्सीत कालवून ती पोकळी भरली. सुकल्यावर पॉलिश पेपर मारला. मग म्हणालो, "रात्रीत सूज किती उतरेल याचा भरवसा नाही. चाचणीपर्यंत झेंडूला हात लावायचा नाही."

"दसरा तोंडावर आलाय," सासूबाई उसळल्या. "फुलं कोन तोडील, तुमी?" मग सुनेकडे पाहत म्हणाल्या, "जाऊ द्या. तिच्या वाटणीची मी तोडते. पन ती हरली ना, तर तुमाला मळ्यात नेईन."

मी वजनाची पट्टी काढायला घेतली. मेजरसाहेब घुटमळले. "अर्धी राहू दे." राहू दिली. अर्धी खरंच बरी होती, हे मला कबूल करावं लागलं.

रविवारी शेवटच्या सीरिजमध्ये पाचही गोळ्या नऊ-दहाच्या आत. यादीत रंजनाचं नाव लागलं. मला शिट्टी वाजवावीशी वाटत होती, पण रेंजवर शिट्टीला बंदी. सासूबाईंना नियम माहीत नव्हते. त्यांनी फुलं तोडून सुजलेल्या हातांनी एवढ्या जोरात टाळ्या वाजवल्या, की मेजरसाहेबही दटावायचं विसरले.

तेव्हापासून ग्रिप बसवायला कुणी आलं की मी आधी विचारतो, "आज हातांनी काय काम केलंत?" बरेच जण म्हणतात, काहीच नाही. त्यांची ग्रिप पटकन होते.