दांडा कोण फिरवणार?

पाताळकाका हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण सव्वीस वर्षं जो माणूस रोज सकाळी एकशे बारा पायऱ्या उतरून हल्ला झालाच तर लपायला बांधलेल्या पुढाऱ्यांच्या तळघरात जातो, त्याला वसाहतीतले लोक दुसरं काय म्हणणार?

त्या तळघराचीही गंमतच. पहिलं काकांच्या वडिलांनी खणलं. वाळूची पोती, लाकडी टेकू, एक कंदील, की झालं तळघर! पुढचा पुढारी म्हणाला, हे फारच उथळ. काँक्रीट ओतलं. त्याच्या मागून आलेला तर भलताच भित्रा. तो आणखी खाली गेला आणि त्याने हातभर जाडीचं पोलादी दार बसवून घेतलं. आता तिथे चाळीस पलंग आणि यादीत चाळीस नावं. चादरी काका दर सोमवारी बदलत. सव्वीस वर्षांत त्यांवर कुणी झोपलं नव्हतं, तरी!

वीज गेलीच, तर बाहेरची हवा आत ओढायला हाताने फिरवायचा पंखा होता. त्याचा दांडा काका पोटच्या पोरासारखा जपत.

काकांची बायको दम्याची. घर तळघराच्या अगदी डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर. "अहो," ती एकदा म्हणाली, "भोंगा वाजला की तुम्ही खाली पळाल. मी कुणाचा हात धरून जिना उतरू?" ते काकांच्या मनात सलत राहिलं.

मग सरावाचा दिवस आला. भर दुपारी भोंगा वाजला, वीज तोडली, साहेबमंडळी धापा टाकत खाली आली. दारात सचिव, हातात यादी.

"तुमचं नाव?"

"माझं? अहो, तो पंखा..."

"यादीत नाही. बाहेर व्हा."

दार नाकासमोर बंद झालं. काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दातओठ खात ते पायरीवर बसून राहिले.

सराव तासाचा होता. पंचविसाव्या मिनिटालाच दार उघडलं. सगळे घामाने निथळत होते, मोठ्या साहेबांचा तर चेहरा काळाठिक्कर पडलेला.

"काका, तुमचा पंखा बिघडलाय!"

"माझा पंखा? बिघडलाय?"

आत जाऊन पाहतात तर काय, दोघे साहेब अजूनही दांडा उलटाच फिरवत होते! चाकावर हा एवढा लाल बाण रंगवलेला. चाळीस शहाण्यांपैकी एकालाही दिसला नाही.

"तुमचं नाव घालतो," सचिव म्हणाले. "एकेचाळिसावं. भोंगा वाजला की थेट इथे."

"आणि आमची ही?"

"घरच्यांना जागा नाही, काका. तुम्ही कामाचे आहात."

"कामाचा!" काका असे ओरडले की भिंती घुमल्या. "माझ्या बापाने हे खणलं, त्यालाही वरच ठेवलंत. तो गप्प बसला, मी नाही बसणार. खोडा ते नाव! भोंगा वाजला की मी घरी असेन, हिचा हात धरून. दांडा तुम्ही फिरवा."

"पण आम्हाला कुठे येतंय..."

"मग शिका!"

अजून छाती भरून श्वास येत नव्हता, म्हणून असेल, मोठे साहेब मुकाट्याने पुढे झाले. काकांनी त्यांचा हात धरून दांड्यावर ठेवला.

"बाणाकडे बघा. मिनिटाला चाळीस फेरे. एक, दोन... थांबलात का?"

"फोड आलाय हो, काका."

"येऊ दे. आटपा लवकर, अजून एकोणचाळीस जण रांगेत आहेत, आणि ही माझी वाट बघत असेल."