वगळलेला परिच्छेद

‘भविष्यवेध’ हा शब्द कुणी उच्चारला की अजूनही माझ्या डोक्यात तिडीक जाते. आमच्या साखर कारखान्यात हा शब्द एका पितळी पाटीवर कोरला होता. नारळ फोडून, फीत कापून त्या पाटीखालच्या खोलीचं उद्घाटन झालं आणि मला तिथं बसवलं. महिन्याभरात सत्काराच्या शाली, फेटे आणि उरलेल्या अहवालांचे गठ्ठे माझ्या शेजारी येऊन पडले. स्टोअरकीपरला विचारलं तर म्हणाला, ‘मॅडम, कोरडी खोली हीच एक आहे, आणि तुम्हाला कितीशी जागा लागते?’

कारखाना सातारा-सांगलीच्या शिवेवरचा. नाव सांगत नाही. सहकारात वावरलेल्या कुणालाही तो आपलाच वाटेल. मी मूळची वडूजकडची, शेतकी अभियांत्रिकी शिकलेली, नोकरीसाठी इस्लामपुरात खोली घेऊन राहणारी. बरीच वर्षं ऊसविकास विभागात बांधावरून फिरल्यावर हे नवं काम अंगावर आलं. ऊसशेतीत आणि साखरधंद्यात जगभर काय नवं येतंय त्यावर नजर ठेवायची, त्यातलं आपल्या शिवारात काय आणि कधी पोचेल ते ओळखायचं, आणि दर महिन्याला दोन पानांचं टिपण संचालक मंडळापुढं ठेवायचं. मंडळानं ते वाचून कशात हात घालायचा ते ठरवायचं.

खरं सांगते, मला ते काम फार आवडलं होतं. आमच्या खटावच्या कोरड्या रानात माणसं विहिरीत वाकून पाणी बघतात आणि मग कुठलं बी काढायचं ते ठरवतात. त्याच शहाणपणाची नोकरी आपल्याला मिळाली, असं मला वाटलं. मी ड्रोनच्या फवारणीवर लिहिलं, उपग्रहाच्या चित्रावरून उसाची पक्वता ओळखण्यावर लिहिलं, मातीत पुरायच्या ओलावा मोजणाऱ्या यंत्रांवर लिहिलं. सभेत टिपणं वाटली जायची. चहाचे कप त्यांच्यावरच ठेवले जायचे, त्यामुळं कुठल्या संचालकानं कुठलं पान उघडलं नाही ते मला डागांवरून कळायचं.

पण माझं सगळ्यात मोलाचं निरीक्षण कुठल्या संकेतस्थळावर सापडलेलं नव्हतं. दर हंगामात बीडकडून ऊसतोड टोळ्या येतात आणि कारखान्याच्या माळावर कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, बांधतात. त्या कोप्या वर्षागणिक विरळ होत होत्या. एका मुकादमाला कारण विचारलं तर तो म्हणाला, ‘पोरं शिकली. सुना कोयता धरायला तयार न्हाईत. आजून चार-पाच हंगाम, मग तुमचा ऊस तुमीच तोडा.’ मी घरी न जाता थेट खोलीत गेले आणि टिपण लिहायला बसले.

टिपणाचा गाभा असा होता. तोडणीला यंत्रं येणार, ती आणावीच लागणार. पण आपल्याकडे उसाच्या दोन ओळींत तीन-साडेतीन फुटांचं अंतर असतं आणि यंत्राला पाच फूट लागतं. आडसाली ऊस लावल्यापासून तोडणीला यायला दीड वर्ष लागतं. म्हणजे यंत्र ज्या हंगामात हवं, त्याच्या दीड वर्ष आधी लागण रुंद सरीत झालेली हवी. यंत्र पैसे टाकले की येतं, सरी मागून रुंद करता येत नाही. आणि शेवटी एक परिच्छेद होता: रुंद सरीची रानं एकमेकांना लागून हवीत, सुरुवातीला दोनच गावं घ्यावीत, कारण कुठंतरी सुट्या पडलेल्या दोन एकरांसाठी एवढं धूड हलवणं कुणालाच परवडणार नाही.

नेमकं त्याच सुमाराला संचालक मंडळ अभ्यास दौऱ्यावर परदेशात जाऊन आलं होतं. प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये तोडणी यंत्राच्या चाकाशेजारी उभं राहून काढलेला स्वतःचा फोटो होता. त्यामुळं माझं टिपण पहिल्यांदाच कुणीतरी वाचलं. कार्यकारी संचालकांनी मला बोलावून घेतलं. टिपण त्यांच्या टेबलावर होतं आणि शेवटच्या परिच्छेदाभोवती पेन्सिलीनं चौकट होती.

‘सगळं उत्तम आहे,’ ते म्हणाले, ‘फक्त एवढं सभेत नको. दोनच गावं म्हटलं की बाकीच्या गावगटांचे संचालक उठून जातील. योजना मंजूर करून घ्यायची आहे ना तुम्हाला?’

मला योजना मंजूर करून घ्यायची होती. चहाच्या डागांना मी कंटाळले होते. मी तो परिच्छेद काढला. कुणी माझा हात धरला नव्हता, मी स्वतः संगणकावर बसून तो पुसला आणि टिपण पुन्हा छापलं.

योजना एकमतानं मंजूर झाली. आणि मग सहकारात जे होतं तेच झालं. रुंद सरीचे एकर सगळ्या गटांना सारखे वाटले गेले, अगदी देवळातल्या प्रसादासारखे. कुठल्या संचालकाला डावललं असं व्हायला नको. या गावात दोन एकर, त्या गावात दीड, ओढ्यापलीकडे एक. नकाशावर टिपके काढून बघितले तेव्हा एकही टिपका दुसऱ्याला लागून नव्हता. अध्यक्षसाहेब मात्र नकाशा बघून खूश झाले. म्हणाले, ‘बघा, कसं सगळीकडं पोचलंय!’

त्या टिपक्यांतला एक टिपका एका मावशींचा. नवरा फौजेतून निवृत्त होऊन आला आणि काही वर्षांत आजारानं गेला. दोन एकर रान पुढं बरीच वर्षं दीर कसत होता. योजना आली त्याच वर्षी मावशींनी ते स्वतःकडं घेतलं. भावकी बसली, आवाज चढले, आणि शेवटी दिरानं सगळ्यांसमोर अट घातली: एक हंगाम ऊस वेळेत आणि नीट कारखान्याला घालून दाखवा, न्हाई जमलं तर रान पुन्हा माझ्याकडं. मावशींनी ‘व्हय’ म्हटलं. त्या उसावर त्यांचं रान टिकणार की जाणार ते ठरणार होतं, आणि हे मला त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं.

तरीही मी त्यांना रुंद सरीसाठी तयार केलं. तासभर बांधावर बसून समजावलं. टोळ्या मिळणार नाहीत, मुकादमाच्या मागं बाईमाणसानं किती फिरायचं, यंत्र येईल आणि दिवसभरात रान मोकळं करून जाईल. त्या नीट ऐकत होत्या. मग त्यांनी एकच विचारलं, ‘पर मशीन यील न्हवं, ताई?’

‘येईल,’ मी म्हणाले. टिपक्यांचा नकाशा माझ्या पिशवीत होता.

मावशींनी बांबूची पाच फुटांची काठी तोडून घेतली आणि सरी सोडताना ट्रॅक्टरच्या मागं मागं चालत प्रत्येक ओळ मोजली. रस्त्यानं जाणारे थांबून हसायचे. ‘वैनी, ह्या सरीतनं काय ट्रक घालायचा हाय व्हय?’ दीरही हसला. मावशी म्हणायच्या, ‘ट्रक न्हाई, मशीन.’ ऊस असा आला की हसणारे गप्प झाले. मोकळी हवा, मोकळा उजेड, पेरं लांब आणि जाड. मी फोटो काढले. ते वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर लागले. मावशींच्या नावाशिवाय, अर्थातच.

पुढच्या वर्षीचा हंगाम सुरू झाला. यंत्र आलं, त्याला हार घातला, आणि ते गेलं जिथं एका सलग पट्ट्यात पंधरा-वीस एकर ऊस होता तिथं. असे पट्टे कुणाचे असतात ते सांगायची गरज नाही. मावशींचा तोडणीचा नंबर डिसेंबरात होता. यंत्राच्या चालकाला फोन केला तर तो म्हणाला, ‘दोन एकराला मशीन, ऊस भरून न्यायचे इनफिल्डरचे दोन ट्रॅक्टर आनि माणसं आनू? डिझेल कोन घालणार?’ तो चुकीचं बोलत नव्हता. माझ्याच परिच्छेदातलं वाक्य तो मला ऐकवत होता.

मग टोळी मागितली. तर लागणीच्या नोंदीच्या वेळी मोबाइलवरच्या अॅपमध्ये मावशींच्या नावापुढं ‘यंत्रतोड’ अशी खूण केलेली होती, आणि ती खूण केली की नाव टोळीच्या यादीतून आपोआप गळतं. ती सोयही मीच सुचवलेली. मुकादम म्हणाला, यादीत न्हाई, मी कसा कोयता लावू. शेती ऑफिस म्हणालं, सिस्टीम लॉक आहे, हंगाम संपल्यावर बदल होईल. मी कार्यकारी संचालकांकडं गेले. ते म्हणाले, ‘पहिलं वर्ष आहे, थोडं इकडंतिकडं होणारच.’ मी टेबलावर हात आपटला. आयुष्यात पहिल्यांदा. त्यांनी पाण्याचा ग्लास माझ्याकडं सरकवला आणि शिपायाला चहा सांगितला.

जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. उसाला तुरा येऊन वाळला, डोळे फुटून पांगशा, म्हणजे बाजूचे कोंब, निघाल्या, आतून ऊस पोकळ पडत चालला. मावशी रोज सकाळी फटफटीवर कुणाच्या तरी मागं बसून गट ऑफिसला यायच्या आणि बाकावर बसायच्या. भांडायच्या नाहीत. त्या भांडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. दीर बांधावरून चक्कर मारून जायचा.

मार्चमध्ये गटाच्या शेती अधिकाऱ्यानं मला बाजूला घेतलं. ‘मॅडम, त्या बाईंना पेटवायला सांगा. जळीत उसाला लगेच तोड द्यावी लागते, यादीबिदी बघत नाहीत. सगळे हेच करतात.’

सगळे हेच करतात, हे मला माहीत होतंच. उपग्रह, अॅप, अभ्यास दौरे, पितळी पाटी, आणि शेवटी रान मोकळं करायला काड्यापेटी. मी मावशींकडं गेले आणि त्यांना हे सांगितलं. माझ्याच तोंडानं. त्यांनी एक ऊस मोडून आतली पोकळी बघितली आणि ‘उद्या सकाळी या’ म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी, वारं पडलेलं असताना, शेजारची चार माणसं ओल्या फांद्या घेऊन बांधावर उभी राहिली. मावशींनी काड्यापेटी माझ्या हातात दिली. ‘तुमी सांगिटलं तसं लावला. आता पेटवायचा बी तुमीच.’

मी काडी ओढली. पहिली विझली, दुसरी लागली. वाळलेल्या पाल्यानं भराभर पेट घेतला आणि बघता बघता दोन्ही एकर काळे झाले. राख आमच्या डोक्यावर, खांद्यावर पडत होती. टोळी खरोखरच दुपारपर्यंत हजर झाली. तीन महिने ज्या मुकादमाला यादी आडवी येत होती, त्याला जळकं रान मात्र लांबून दिसलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत रान मोकळं झालं. ऊस ज्या वजनाचा उभा होता त्याच्या निम्माही भरला नाही.

वजनाची चिठ्ठी घेऊन मी मावशींच्या दारात गेले. त्यांनी ती बघितली, घडी करून पदराच्या टोकाला बांधली आणि मला बसायला पाट दिला. मग त्या म्हणाल्या, ‘ताई, एक इचारू? म्होरचं बघायचं काम तुमचं. एवढं शिकलेल्या तुमी. मग ह्ये असं हुईल ह्ये तुमास्नी दिसलं न्हाई व्हय?’

खोटं बोलणं सोपं होतं. पहिलं वर्ष आहे, इकडंतिकडं होणारच, असं म्हणता आलं असतं. पण माझ्या केसांत अजून त्यांच्या उसाची राख होती.

‘दिसलं होतं,’ मी म्हणाले. ‘मी लिहिलंही होतं, मावशी. साहेब नको म्हणाले म्हणून काढून टाकलं.’

‘आनि माझ्या बांधावर बसून मशीन यील म्हनलासा, ती त्ये काढून टाकायच्या आदी का मागनं?’

‘नंतर,’ मी म्हणाले.

मला वाटलं त्या शिव्या देतील. मी तयार होते, मला त्या हव्याच होत्या. मावशींनी कोनाड्यातला मोबाइल घेतला आणि माझ्यासमोरच दिराला फोन लावला.

‘भावजी,’ त्या म्हणाल्या, ‘उद्यापासनं रान तुमी बघा.’