शेळीला काय मिळणार?

मुलांनो, तुम्ही विचारता, आपल्या धाराशिवला विद्यापीठाच्या उपकेंद्रात कसलं संशोधन होतं? मागच्या महिन्यात मी पाहून आले. भिंतीवर तक्ते होते. कुणी ज्वारीवरचा रोग, कुणी जात्यावरच्या ओव्या, कुणी विहिरींचं पाणी अभ्यासलं होतं. माझ्याकडे इंग्रजी तपासून घ्यायला येणाऱ्या बेंबळीच्या मुलीचा विषय होता शेळ्यांचा चारा. त्या दिवशी तिची पीएचडीची खुली तोंडी परीक्षा होती.

शेवटी परीक्षकांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, "कुणाला काही प्रश्न?" अशा वेळी घरचे लोक मागं गप्प बसतात. पण शेळ्या राखणारे तिचे वडील उभे राहिले.

"एवढी वर्सं शिकली. यातनं शेळीला काय मिळणार?"

मुलगी पांढरीफटक पडली. हातातोंडाशी आलेली पदवी बापामुळंच जाते की काय, असं मलाही वाटलं. मग ती घरच्या बोलीत म्हणाली, "आबा, उन्हाळ्यात चारा नसतो, तवा बाभळीच्या शेंगा किती घातल्या म्हंजी दूध आटत न्हाय, ते यात हाय."

"मग हे आदी का न्हाय सांगितलं?"

"तुम्ही इचारलंच कवा?"

परीक्षकच आधी हसले. तिला म्हणाले, "बसा आता, डॉक्टर."