रिकाम्या मजल्यांवरचे दिवे

सकाळी वायरमन दाढी करत होता, बायको चहा गाळत होती, तेवढ्यात दारावर थाप पडली. दारात खुद्द मॅनेजरसाहेब उभे. वायरमन जिथे कामाला होता ती समोरची ऑफिसची उंच इमारत ज्या ट्रस्टची, त्याच ट्रस्टचे. लोकांच्या पैशातून इमारती घ्यायच्या आणि येणारं भाडं त्यांच्यात वाटायचं, असा तो कारभार. बायकोने शाळेतल्या नोकरीची सगळी पुंजी त्यातच घातली होती आणि यंदा वाटप निम्म्यावर आलं होतं.

"संध्याकाळी गुंतवणूकदार येतायत. पुढचं वर्ष भरभराटीचं, असं सांगायचंय," साहेब म्हणाले. "वरचे मजले नेहमीसारखे उजळून ठेवा. रिकामे आहेत हे कळता कामा नये."

गाळणी बायकोच्या हातात तशीच राहिली.

"रोज ह्याच खिडकीतून मी ते दिवे बघायचे," ती नवऱ्याला म्हणाली. "वाटायचं, एवढी भरलेली इमारत, पैसे बुडतील कसे? पैसे घालू का, म्हणून तुम्हाला विचारलंही होतं."

"हो."

"तुम्ही म्हणालात, तुझा पैसा, तू बघ."

"नोकरीचा प्रश्न होता गं," तो पुटपुटला.

"मग जा की, लावा. विजेचं बिल माझ्याच पैशातून भरत असतील."

साहेबांनी घड्याळात पाहिलं. वायरमनने अर्ध्या गालावरचा साबण पुसला. इतक्या वर्षांत त्याने साहेबांकडे कधी रजासुद्धा धड मागितली नव्हती.

"साहेब, आजचे दिवे दुसऱ्या कुणाला तरी लावायला सांगा."