पंडुमाआधीची कैरी

गोंडपिपरीच्या आमच्या अंगणातील आंब्याला या वर्षी कैऱ्या धरल्या, आणि त्याच सुमारास एक अनोळखी तरुणी रोज प्रातःकाळी कुंपणाशी येऊन उभी राहू लागली. काखेत जुन्या वर्तमानपत्रांची चळत असे. ती कैऱ्यांकडे पाही, मग मोबाईलकडे, आणि निमूट निघून जाई. ही कोणाला तरी खबर देते आहे आणि ते कागद कैऱ्या गुंडाळण्यासाठीच आहेत, हा संशय संध्यावंदनातही माझी पाठ सोडीना.

अखेर मी तिला हटकले.

"चोर वाटली का मी, आजोबा?" ती हसली. "बीएस्सीले हाओ मी. प्रॅक्टिकलले डहाळी फळासंगं वाळवून कागदावर लावा लागते. आज दाबली नाई तं परीक्षेपर्यंत वाळत नाई."

"मग मागायची होतीस!"

"मागून काय करू? आमच्या गावचा पंडुमाचा सण नाई झाला अजून. नवी कैरी पहिले देवाले, मंग आमाले; तवर तोडाचीबी नाई. पंडुम झाला की भाऊ फोन करन म्हणून वाट पाहून राह्यली होती."

ही मला सबबच वाटली. तिची परीक्षा पाहावी म्हणून मी कैऱ्या तोडायची आकडी उचलली.

"मी तोडून देतो. तुला दोष लागणार नाही."

"तोडसान तुमी, पन हात तं माहाच पुढं होईन ना? तुमच्या देवाले असंच फसवता का, आजोबा?"

गुण जाणार हे ठाऊक असूनही तिने केवळ पानांची डहाळी मागून घेतली, वर्तमानपत्रात हळुवार पसरली आणि ती गेली.

नैवेद्यावाचून मी आजवर घास घेतलेला नाही. परंतु त्या नियमापायी मला कधी काही गमवावे लागले नव्हते.