चिंचेनं घासलेला संगमरवर

ऊस चांगला आला त्या वर्षी वडिलांनी अंथुर्ण्याच्या घरात संगमरवरी ओटा बसवला. दगड कसला, जावईच होता तो! त्यावर हळद सांडायची नाही, तवा टेकवायचा नाही. येईल त्या तात्या-आबाला वडील चपलांसकट स्वयंपाकघरात आणून ओटा दाखवत. आई बिचारी खाली कोपऱ्यात बसून भाकऱ्या थापायची.

दिवाळीला तिनं तांब्याच्या हंड्यांबरोबर ओटाही चिंचेनं खसाखसा घासला. हंडे लखलखले, ओट्याची सगळी चकाकी गेली.

वडील ओरडले, "अगं, संगमरवराला आंबट चालत न्हाय!"

"ठाव हाय. गवंडी बोलला व्हता," ओट्यावर परात ठेवत आई म्हणाली. "आता बगायला कुणी यायचं न्हाय. सरका, भाकरी थापू द्या."