लाल शाईची पोच

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगतेय, ते मलाच नीट ठाऊक नाही.

आमची वस्ती जायकवाडीच्या फुगवट्यात. धरणाचं पाणी चढलं तेव्हा मेंढ्या चारायचा माळ तेवढा वर राहिला. चारी बाजूंनी पाणी, मधे पस्तीस घरं. शाळा, दवाखाना, ग्रामपंचायत सगळं पलीकडच्या गावात. जायचं ते थर्माकोलच्या तराफ्यावर, नाहीतर होडीनं. त्या पंचायतीत आमच्या वस्तीचा एकच सदस्य — तात्या. चार वेळा निवडून आलेले. अक्षरं सहीपुरती. सभेला पोचले की पलीकडचे म्हणत, "आले बघा, बेटाचे पंतप्रधान." तात्या धोतराचा ओला सोगा पिळत म्हणायचे, "व्हय, पण पंतप्रधानाला एक खुर्ची नाय तुमच्याकडं."

वस्तीतली पहिली पदवीधर मी. ती तात्यांमुळं. बारावीनंतर वडील नको म्हणाले, तेव्हा तात्या आमच्या ओट्यावर दिवसभर बसून राहिले — जेवले नाहीत, पाणीही प्यायले नाहीत. शहरात, उस्मानपुऱ्यातल्या वसतिगृहात सोडायला तेच आले. मला 'बालिष्टर' म्हणायचे. त्यांचे अर्ज मी लिहायचे.

आता एक गोष्ट आधी सांगायला हवी. वसतिगृहात मी सांगितलं होतं, मी पैठणची. भर गावात घर, शेजारी पैठणीचे माग. सगळं खोटं. थर्माकोलवर बसून शाळेत गेले, हे त्या मुलींना कसं सांगणार होते? — म्हणजे, सांगता आलं असतं. सांगितलं नाही.

दुसऱ्या वर्षाला होते, तेव्हा तात्यांनी पुलाचा अर्ज माझ्या हाती दिला. प्रत्येक घराची सही नाहीतर अंगठा त्यावर. महिना संपायच्या आत शहरातल्या कार्यालयात द्यायचा होता, कारण त्या वर्षीच्या कामांची यादी त्यावरून होणार होती. वस्तीत मात्र तात्यांनी सांगितलं, मीच देऊन आलो. पोरगी कचेऱ्यांत फिरते असं वडिलांना कळलं असतं, तर माझं शिक्षण तिथंच थांबलं असतं.

मी गेले. रांगेत उभी राहिले. खिडकीतला माणूस प्रत्येकाचं गाव आणि मागणी मोठ्यानं वाचत होता. माझ्या मागं दोन माणसं सोडून माझ्या खोलीतली मैत्रीण उभी होती — वडिलांच्या कसल्याशा कामाला आलेली. तिनं हात केला. मी रांग सोडली.

उद्या येऊ, म्हटलं. दुसऱ्या दिवशी परीक्षा होती... नाही, नव्हती. गेले नाही, इतकंच. महिना संपला.

तात्यांचा फोन आला. दिला का गं? व्हय, दिला. "पोच घेतली ना? पोच लई म्हत्त्वाची."

पोच म्हणजे काय? आपल्याकडच्या प्रतीवर कार्यालयानं टाकलेला आवक क्रमांक, तारीख, सही. माझ्या शिष्यवृत्तीच्या अर्जावर तशी होती. ती समोर ठेवून मी लाल पेनानं मनचा क्रमांक टाकला, तारीख टाकली, एक वेडीवाकडी सही केली. सुट्टीत वस्तीवर गेले तेव्हा तो कागद दिला. शिक्का कुठंय, तात्यांनी विचारलं. हल्ली नुसता नंबर देतात, मी म्हटलं. त्यांनी त्या आकड्यांवरून अंगठा फिरवला आणि कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बंडीच्या खिशात ठेवला.

तीन वर्षं ते ती पोच दाखवत राहिले. फाईल चाललीय, म्हणायचे.

निवडणुकीआधी पलीकडच्या एकानं माहिती अधिकारात विचारलं. उत्तर आलं — असा अर्ज आलेलाच नाही, हा क्रमांक दुसऱ्याच कामाचा. ग्रामसभेत ते वाचलं गेलं. मी तिथं होते, बायकांमध्ये बसलेली. तात्यांच्या भाच्याची होडी चालायची. पूल झाला तर होडी बंद, म्हणून तात्यानंच अर्ज दाबला आणि खोटा कागद केला, असं कुणीतरी म्हणालं. मग प्रत्येकाला काहीबाही आठवायला लागलं. माझी आई माझ्या कानाशी लागली, "मला तर कवाधरनं वाटतच हुतं."

मी हो म्हटलं. गप्प बसले असते तरी चाललं असतं. मी हो म्हटलं.

तात्या उठले. माझी चूक झाली, म्हणाले. मला वाचता येत नाय. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. का? कार्यालयानंच अर्ज हरवला, असं त्यांना वाटलं? की त्यांना सगळं कळलं होतं? त्या निवडणुकीत पडले, ते पुन्हा उभे राहिले नाहीत.

तेव्हापासून मी त्यांचा एकेक शब्द तपासत असते. 'बालिष्टर' म्हणणं त्यांनी सोडलं नाही — ते प्रेमानं, की मुद्दाम? माझ्या लग्नात पहिल्या ओळीत बसले होते — ते कशासाठी? माझ्या चिकलठाण्याच्या घरी आले, तेव्हा चहा पिऊन झाल्यावर बंडीतून ती पिशवी काढून त्यांनी माझ्यापुढं ठेवली. "तुझ्यापाशी राहू दे. माझ्याकडं भिजंल." आणि हसले. त्या हसण्याचा अर्थ मी अजून लावतेय.

तात्या आहेत अजून. तराफ्यावरूनच ये-जा करतात. वस्तीत त्यांच्या ओट्यावर आता फारसं कुणी बसत नाही. पोच माझ्या कपाटात आहे, साड्यांच्या खाली. शाई फिकी झालेली नाही.

अर्ज मी दिला नव्हता. ती सही माझी आहे.